झायकोव्ह-डीचा पेपर: ६६.६ टक्क्यांच्या आत काय आहे?

डीएनए लसींवर लिही, असं बरेच जण अधूनमधून सुचवतात, आणि त्यातल्या निम्म्यांना हवं असतं ते झायकोव्ह-डीबद्दल. साहजिक आहे. माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस आपल्याकडे, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने, केली. २० ऑगस्ट २०२१ ला तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत 'सुईविना लस', 'मुलांसाठी पहिली लस', 'भारताची भरारी' असे मथळे होते. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा पेपर (खोब्रागडे आणि सहकारी, 'द लॅन्सेट') मात्र छापून आला एप्रिल २०२२ मध्ये. तोवर ओमायक्रॉनची लाटही येऊन गेली होती, आणि पेपर मुळातून वाचायची कुणाला फारशी घाई उरली नव्हती.

मला वाटतं तो वाचायला हवा. लस वाईट आहे म्हणून नव्हे, तर एखाद्या संशोधनाबद्दल बातमीत आलेलं आणि पेपरात असलेलं यात किती अंतर पडतं, ते इथे फार स्वच्छ दिसतं. शिवाय डीएनए लस शरीरात नेमकी कशी काम करते याचं जे सोपं चित्र आपल्या डोक्यात बसलंय, तेही जरा तपासून घ्यायला हवं. आधी ते करू, कारण त्याशिवाय पेपरातले आकडे कळणार नाहीत.

ते चित्र तुम्ही पाहिलंच असेल. डीएनएचं एक गोल कडं, त्यातून बाण आरएनएकडे, त्यातून बाण प्रथिनाकडे, आणि प्रथिनावर तुटून पडणाऱ्या इंग्रजी वाय आकाराच्या अँटीबॉडी. चूक काहीच नाही त्यात. पण हे चित्र म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखं आहे: कोण, कुठे, किती वाजता एवढं कळतं, आत काय रामायण घडलं ते नाही कळत.

झायकोव्ह-डी म्हणजे एक प्लाझ्मिड. बॅक्टेरियात सापडणारं डीएनएचं गोल कडं. त्यात करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक बसवलंय. त्याच्या आधी एक प्रमोटर, म्हणजे 'इथून वाचायला सुरुवात करा' अशी पाटी, जी माणसाच्या पेशीला कळते. बाकीचा भाग बॅक्टेरियासाठी: ई. कोलाय मध्ये हे कडं वाढवता यावं म्हणून लागणारे तुकडे. एका डोसमध्ये असं २ मिलिग्रॅम डीएनए असतं, दोन ठिकाणी विभागून त्वचेत दिलेलं.

२ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. पण कडी मोजली तर? या प्लाझ्मिडची लांबी ढोबळमानाने सात हजार बेस-जोड्या धरली तर एका डोसमध्ये सुमारे २७० लाख कोटी कडी निघतात. माणसाच्या अख्ख्या शरीरातल्या पेशींचा अंदाज आहे ३० ते ३७ लाख कोटी. म्हणजे दर पेशीमागे सात-आठ कडी येतील इतका माल आपण दंडाच्या त्वचेत सोडतो! तरीही तिथे स्पाइक तयार होतं ते अगदी थोड्या पेशींत. बाकीची कडी जातात कुठे?

बरीचशी पेशींच्या बाहेरच संपतात. आपल्या ऊतींमध्ये डीएनए तोडणारी एन्झाइम्स मुबलक असतात. उरलेल्यांपैकी काही पेशीच्या आत शिरतात, पण तेवढ्याने भागत नाही. डीएनए वाचायची यंत्रणा केंद्रकात असते. एमआरएनए लसीला पेशीचा फक्त बाहेरचा दरवाजा ओलांडायचा असतो. प्रथिन बनवणारे रायबोसोम तिथे अंगणातच बसलेले असतात. डीएनएला मात्र अंगण ओलांडून देवघरापर्यंत जायचंय, आणि देवघराचं दार, म्हणजे केंद्रकाचं आवरण, पेशी विभागत नसेल तर एवढ्या मोठ्या कड्याला सहजी उघडत नाही. एमआरएनए लसी पुढे गेल्या आणि डीएनए लसी तीस वर्षं रखडल्या, याचं एक मोठं कारण या एका जास्तीच्या भिंतीत आहे.

समजा काही कडी पोचली आणि स्पाइक तयार झालं. पुढचा भाग मला व्यक्तिशः सगळ्यात सुंदर वाटतो. प्रथिन पेशीच्या आतच बनल्यामुळे पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर 'आत काय चाललंय' या पाटीवर लावते, एमएचसी-१ या रेणूवर. मारक टी-पेशी ती पाटी वाचतात. निष्क्रिय विषाणूची किंवा नुसत्या प्रथिनाची लस पेशीबाहेरून येते, त्यामुळे या पाटीपर्यंत तिची मजल फारशी जात नाही. शिवाय त्वचेतल्या डेन्ड्रायटिक पेशी हे प्रथिन उचलून लसिकाग्रंथींत नेतात, मदतनीस टी-पेशींना दाखवतात. आणि बाहेर पडलेलं प्रथिन बी-पेशींना भेटतं, तिथून अँटीबॉडी. म्हणजे तिन्ही आघाड्या.

याचा जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वांत देखणा पुरावा १९९३ चा आहे. अल्मर आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएन्झाच्या एका *आतल्या* प्रथिनाचं, न्यूक्लिओप्रोटीनचं, जनुक उंदरांच्या स्नायूत टोचलं. जनुक १९३४ च्या विषाणूचं होतं. नंतर उंदरांना संसर्ग दिला १९६८ च्या वेगळ्याच विषाणूचा. उंदीर वाचले. न्यूक्लिओप्रोटीन विषाणूच्या पोटात असतं, अँटीबॉडीला ते बाहेरून पकडता येत नाही. पण संसर्ग झालेल्या पेशीच्या पाटीवर ते लागतं, आणि ते ३४ वर्षांत फारसं बदललेलं नव्हतं. बाहेरचा कोट बदलला तरी आतला माणूस तोच. टी-पेशींनी तो ओळखला.

आता त्या बाणांच्या चित्रात जे अजिबात नसतं ते. प्रथिन बनलं म्हणजे प्रतिकारशक्ती आपोआप जागी होते, असं नाही. आपल्या पेशी दिवसभर हजारो प्रथिनं बनवतात, त्यांवर कुणी धावून जात नाही. टी-पेशींना प्रथिनाबरोबर 'काहीतरी बिघडलंय' असा इशाराही लागतो. पारंपरिक लसींत तो इशारा देण्यासाठी अ‍ॅडजुव्हंट घालतात, उदाहरणार्थ अ‍ॅल्युमिनियमचे क्षार. झायकोव्ह-डीत वेगळं अ‍ॅडजुव्हंट नाही. मग घंटा कोण वाजवतं?

बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: बॅक्टेरियाच्या डीएनएतले सीपीजी तुकडे, जे टीएलआर-९ हा संवेदक ओळखतो. पाठ्यपुस्तकी उत्तर, नीटस. फक्त अडचण अशी की टीएलआर-९ नसलेल्या उंदरांतही डीएनए लस छान चालायची. २००८ मध्ये इशी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की खरी गरज आहे ती टीबीके-१ या रेणूची; तो काढला की लस जवळजवळ थंड पडते. पुढच्याच वर्षी बार्बर यांच्या गटाने त्याच साखळीतला स्टिंग हा रेणू डीएनए लसीसाठी लागतो हे दाखवलं, आणि २०१३ च्या सुमारास चेन यांच्या प्रयोगशाळेतून साखळीचं पहिलं टोक हाती आलं: सीगॅस, केंद्रकाबाहेर भटकणारं डीएनए पकडणारं एन्झाइम. पेशीचा हिशेब साधा आहे. डीएनएची जागा केंद्रकात. अंगणात डीएनए दिसलं म्हणजे विषाणू शिरलाय किंवा काहीतरी फुटलंय. वाजवा घंटा!

गंमत लक्षात आली का? जी कडी केंद्रकापर्यंत न पोचता अंगणातच अडकली, ज्यांना आपण आत्ता 'वाया गेली' म्हटलं, तीच घंटा वाजवतात. डीएनए लसीत निरोपही डीएनए आणि डोअरबेलही डीएनए. इशींच्या पेपरात आणखी एक बारकावा आहे जो सहसा सांगितला जात नाही: अँटीबॉडी आणि मदतनीस टी-पेशींसाठी ही साखळी रक्तपेशींच्या वंशात लागते, तर मारक टी-पेशींसाठी ती इतर पेशींत लागते. म्हणजे लस कुठल्या ऊतीत पडते, स्नायूत की त्वचेत, याने केवळ 'किती' नव्हे, 'कुठल्या प्रकारची' प्रतिकारशक्ती येईल हेही बदलू शकतं. डीएनए लसीचं वर्णन करणाऱ्या लेखांवरचा माझा पहिला आक्षेप हाच. त्यांत प्रथिनाची गोष्ट असते, घंटेची नसते. आणि घंटेशिवाय 'लस माणसात का अडते' या प्रश्नाला हातच घालता येत नाही.

कारण उंदरात ती अडत नाही. १९९० मध्ये वुल्फ यांच्या गटाने उंदराच्या स्नायूत नुसतं, उघडं डीएनए टोचून तिथे प्रथिन बनतं हे दाखवलं. १९९२ मध्ये टँग, डेव्हिट आणि जॉन्स्टन यांनी सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून ते उंदरांच्या कानाच्या त्वचेत बंदुकीसारखं झाडलं आणि अँटीबॉडी मिळवल्या. जनावरांसाठी तर २००५ मध्येच परवाने मिळाले: अमेरिकेत घोड्यांच्या वेस्ट नाइल तापासाठी, कॅनडात सॅमन माशांसाठी. (म्हणून 'जगातील पहिली डीएनए लस' या मथळ्यात 'माणसांसाठी' हा शब्द गाळू नये, एवढीच नम्र विनंती. घोडे वाचत नाहीत म्हणून काय झालं.) माणसात मात्र एचआयव्हीपासून पुढे चाचणीमागून चाचणी झाली, लस सुरक्षित ठरायची, प्रतिसाद मात्र फिका.

एक हिशेब करून बघा. उंदराला प्रयोगात साधारण ५० मायक्रोग्रॅम डीएनए देतात. उंदीर २० ग्रॅमचा. त्या प्रमाणात ६० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम द्यावं लागेल. झायकोव्ह-डीचा डोस आहे २ मिलिग्रॅम, ७५ पट कमी. लसीचा डोस वजनावर ठरत नाही हे मान्य. पण तोच द्राव उंदराच्या इवल्या मांडीत शिरताना जो दाब तयार करतो, त्या दाबानेच पेशींची आवरणं सैलावतात आणि डीएनए आत जातं. माणसाच्या दंडात तो द्राव म्हणजे समुद्रात तांब्या.

म्हणूनच झायकोव्ह-डीतला सुईविरहित इंजेक्टर हा बातम्यांतला सर्वांत दुर्लक्षित तपशील होता, सर्वांत जास्त छापला जाऊनही. 'मुलांना दुखणार नाही' म्हणून तो छापला गेला. खरं काम त्याचं वेगळं आहे: द्रावाची बारीक धार प्रचंड वेगाने त्वचेत घुसवून, उंदराच्या मांडीत फुकट मिळणारा दाब माणसात विकत घेणं. पहिल्या टप्प्यात ४८ जणांवर सुई आणि इंजेक्टर, १ आणि २ मिलिग्रॅम, अशा चार गटांत तुलना झाली आणि पुढे गेला तो २ मिलिग्रॅम व इंजेक्टर हा जोड. इंजेक्टर हा लसीचा डबा नाही, तो लसीचा अर्धा भाग आहे. या निवडीबद्दल झायडसच्या लोकांना पूर्ण श्रेय द्यायला हवं. अमेरिकेतल्या इनोव्हिओने त्याच कामासाठी विजेचा झटका देणारं यंत्र वापरलं, जपानच्या अँजेसने वेगळी वाट धरली. करोनाच्या बाबतीत दोघींचीही गाडी मंजुरीपर्यंत पोचली नाही. झायकोव्ह-डी पोचली.

आता त्या पोचण्याबद्दल.

चाचणी भारतातल्या ४९ केंद्रांवर झाली, २७,७०३ जण सहभागी, निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो. डोस तीन: शून्याव्या, २८व्या आणि ५६व्या दिवशी. निष्कर्ष: लक्षणं असलेल्या, आरटी-पीसीआरने सिद्ध झालेल्या कोव्हिडविरुद्ध परिणामकारकता ६६.६ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४७.६ ते ८०.७.

६६.६ टक्के म्हणजे शंभरातल्या ६६ जणांना लस लागू पडली, असं नव्हे. ही चूक शिकलेली माणसंही करतात. याचा अर्थ: प्लासिबो गटात जेवढे आजारी पडले, त्याच्या साधारण एकतृतीयांश लस गटात पडले. आणि त्या पुढच्या कंसातला आकडा सांगतो की खरा आकडा ४८ च्या आसपासही असू शकतो किंवा ८० च्या. लसीला मान्यता देताना किमान ५० टक्के आणि खालची सीमा ३० च्या वर अशी जी अट त्या काळात जगभर धरली जात होती, त्यात ही लस व्यवस्थित बसते. तेव्हा 'मंजुरी फुकट दिली' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझा आक्षेप कॅलेंडरवर आहे. पेपरात स्पष्ट लिहिलंय की मुख्य मोजणी तिसऱ्या डोसनंतर २८ दिवसांनी सुरू होते. म्हणजे ५६ अधिक २८, ८४वा दिवस. चाचणीत पहिला माणूस घेतला गेला १६ जानेवारी २०२१ ला. त्याचा ८४वा दिवस येतो १० एप्रिलला. माहिती गोठवली २३ जूनला. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी लस घेतलेल्या माणसाचं मोजणीतलं आयुष्य जास्तीत जास्त ७४ दिवस. नंतर आलेल्यांचं त्याहून कमी. लस किती काळ टिकते, या प्रश्नावर हा पेपर काही सांगूच शकत नाही, आणि तीन डोस घ्यायला लावणाऱ्या लसीला हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जायला हवा.

दुसरी बाजूही त्याच कॅलेंडरमध्ये आहे. ८४ दिवसांआधी जे आजारी पडले ते या मुख्य आकड्यात नाहीत. एप्रिल-मे २०२१ आठवा. ऑक्सिजनच्या रांगा, रेमडेसिव्हिरसाठी वणवण. अशा लाटेत 'तीन महिने थांबा, मग संरक्षण मोजू' ही रचना शास्त्रीयदृष्ट्या वैध आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला जो प्रश्न पडतो, 'आज टोचली तर या लाटेत वाचेन का?', त्याचं उत्तर ६६.६ मध्ये नाही.

आणि हे सगळं आंतरिम विश्लेषण आहे. आराखड्यानुसार ७९ रुग्ण झाले की आंतरिम हिशेब, १५८ झाले की पूर्ण. पेपरच्या शीर्षकातच 'आंतरिम' आहे, लेखकांनी लपवलेलं काही नाही. पण आपण बातमीत, भाषणात आणि विकिपीडियावर तो आकडा अंतिम म्हणून वापरतो. पावणेअठ्ठावीस हजारांची चाचणी ऐकायला भारी वाटते. परिणामकारकतेचं सगळं ओझं मात्र ऐंशीच्या आसपास माणसांच्या खांद्यावर आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल एवढा रुंद आहे तो त्यामुळेच.

जुलै २०२१ च्या प्रेस नोटवर माझा राग जास्त आहे. तिच्यात दोन दावे होते जे सगळीकडे छापले गेले. पहिला: तिसऱ्या डोसनंतर लस गटात मध्यम स्वरूपाचा एकही रुग्ण नाही, म्हणजे मध्यम आजाराविरुद्ध १०० टक्के परिणामकारक. शून्य या आकड्याची जादू मोठी असते, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा (हे आकडे माझे, चाचणीतले नाहीत) एकूण मध्यम रुग्ण चारच झाले आणि चारही प्लासिबो गटात. लस म्हणजे नुसतं पाणी असतं तरी असं घडायची शक्यता किती? चार वेळा नाणं उडवून चारही वेळा छापा येण्याएवढी: सोळात एक. क्रिकेटचा कप्तान सलग चार टॉस जिंकतो तेव्हा आपण त्याला टॉसतज्ज्ञ म्हणत नाही. थोड्या घटनांवर उभा असलेला '१००' हा '६६.६' पेक्षा कमी भरवशाचा असतो, आणि त्याच्या शेजारी रुग्णसंख्या व कॉन्फिडन्स इंटरव्हल छापल्याशिवाय तो छापूच नये. कंपनीने तो प्रेस नोटमध्ये घातला हे समजू शकतं. आपल्या आरोग्य-वार्ताहरांनी 'किती रुग्णांपैकी?' हा एक प्रश्न न विचारता तो मथळ्यात नेला, ते नाही समजू शकत.

दुसरा दावा: चाचणी दुसऱ्या लाटेत झाली, म्हणून लस डेल्टावरही चालते. हा निष्कर्ष तारखेवरून काढलेला. दुसऱ्या लाटेत डेल्टा पसरलेला होता, त्यामुळे अंदाज वाजवी आहे. पण कुठल्या रुग्णात कुठला प्रकार होता ते जिनोम वाचून ठरतं, पंचांग वाचून नाही.

मग मुलांचा मुद्दा. परवानगी १२ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी मिळाली आणि 'भारतातली मुलांची पहिली लस' ही तिची ओळख झाली. चाचणीत १२ ते १८ वयोगटातले होते सुमारे १,०००. आता वरचाच दर लावा. पावणेअठ्ठावीस हजारांत ७९, म्हणजे हजारात जेमतेम तीन. तीन रुग्णांवरून मुलांतली परिणामकारकता काढता येत नाही, आणि कुणी काढलीही नाही. मुलांसाठीची परवानगी टिकते ती सुरक्षिततेवर, आणि मोठ्यांना चालतं ते याही वयात चालेल या अनुमानावर. असं अनुमान लसशास्त्रात नेहमी करतात, त्यात गैर काही नाही. पण आईबापांना ते तसं सांगायला हवं होतं. 'मुलांवर तपासलेली' आणि 'मुलांवर परिणामकारक ठरलेली' ही दोन वाक्यं वेगळी आहेत.

सुरक्षिततेचा तक्ता मात्र खरोखर चांगला आहे. विचारून नोंदवलेले दुष्परिणाम लस गटात ४.४९ टक्के, प्लासिबो गटात ४.४७. जवळजवळ सारखेच. याकडे मी जरा वाकड्या नजरेनेही बघते. एमआरएनए लसी घेतलेल्यांना दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी भरपूर व्हायची. ती अंशतः घंटा जोरात वाजल्याची खूण. इथे घंटा इतकी हळू वाजतेय का की शरीराला पत्ताच लागू नये? ताप आणि संरक्षण यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, त्यामुळे यावर मी पैज लावणार नाही. पण सीगॅस-स्टिंगची साखळी माणसाच्या त्वचेत या डोसने किती जागी होते, हे मोजणारा एक छोटा उपगट चाचणीत असता तर डीएनए लसींच्या अख्ख्या क्षेत्राला त्याचा उपयोग झाला असता. हजारो माणसांत डीएनए लस देण्याची संधी याआधी कुणालाच मिळाली नव्हती. ती मिळाली आणि आपण मुख्यतः 'किती अँटीबॉडी' एवढंच विचारलं, याची मला जास्त हळहळ वाटते.

'आमचा डीएनए बदलेल का?' हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून थोडक्यात. नेहमीचं उत्तर 'अजिबात शक्य नाही' असं असतं. मला ते आवडत नाही. प्लाझ्मिड केंद्रकात जातं, तेव्हा शक्यता तत्त्वतः शून्य नाही. जनावरांवर हे मोजलं गेलंय: स्नायूत साधं टोचलेलं प्लाझ्मिड गुणसूत्रात शिरलंच तर त्याचं प्रमाण आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनांच्या दरापेक्षाही खाली आढळलं. विजेचा झटका वापरला तेव्हा मात्र शिरण्याच्या मोजक्या घटना पकडता आल्या, २००४ च्या एका अभ्यासात. म्हणजे धोका फार म्हणजे फारच छोटा आहे, आणि तो किती हे देण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. लोकांना एवढं सांगितलं तर ते घाबरतात, असं आपण गृहीत धरतो. माझा अनुभव उलटा आहे. 'अजिबात नाही' म्हटलं की समोरचा माणूस जास्त संशयाने बघतो.

लसीचं पुढे काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. सरकारने एक कोटी डोस मागवले, इंजेक्टरसह एका डोसची किंमत कर वगळून ३५८ रुपये, म्हणजे तिन्हींचे १,०७४. महाराष्ट्रात नाशिक आणि जळगावची नावं पहिल्या यादीत होती. प्रत्यक्ष टोचायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, पाटण्यात, तीही मोठ्यांना. ज्यांच्यासाठी तिचं एवढं कौतुक झालं, त्या १५ ते १८ च्या मुलांना ३ जानेवारीपासून कोव्हॅक्सिन मिळू लागली होती, आणि मार्चमध्ये १२ ते १४ वाल्यांना कॉर्बेव्हॅक्स. तीन फेऱ्या, वेगळं यंत्र, ते चालवायचं वेगळं प्रशिक्षण. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंच्या जागी राहून विचार केला तर दोन डोसांची साधी सुई का जिंकली ते कळतं.

त्या पेपरातून मला अजून हवं आहे ते एकच: वयोगटानुसार आणि महिन्यानुसार फोडलेला रुग्णांचा तक्ता, पहिल्या डोसच्या दिवसापासूनचा. तिसरा डोस खरंच किती भर घालत होता, की दोनांतच काम होत होतं, हे त्यातून दिसेल. पुढची डीएनए लस, मग ती डेंग्यूची असो की आणखी कशाची, दोन डोसांत बसवायची की तीन, हे कुणीतरी उद्या ठरवणार आहे.